खिशातला चाकू : तुम्ही रोज कोणता बाळगता?

ध्वनिलहरी
नमस्कार मंडळी. घड्याळं झाली, शाईची पेनं झाली, पाठपिशव्यांवर तर दोन दोन धागे झाले. खिशातल्या चाकूवर एकही सापडला नाही, म्हणून हा प्रपंच.

पाकीट, किल्ल्या आणि मोबाइलबरोबर रोज जो छोटा घडीचा चाकू आपल्यासोबत घराबाहेर पडतो, त्याच्याबद्दलच बोलू. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि दिवाणखान्याच्या भिंतीवरच्या तलवारी यांच्यासाठी कोणीतरी वेगळा धागा काढा, मी वाचायला येईन.

माझं काम नाटकांच्या ध्वनीचं. आज शिवाजी मंदिर, उद्या गडकरी, परवा पार्ल्याचं दीनानाथ. दिवसभर काही ना काही कापायचं असतं : टेप, केबलला बांधलेले प्लास्टिकचे टाय, माइकच्या खोक्याची पट्टी, फरसाणाच्या पुडक्याचा दोरा. खिशात व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा कॅडेट असतो. त्यातही अलॉक्सवाला, म्हणजे बाजूला लाल प्लास्टिकऐवजी खडबडीत नक्षीचं अॅल्युमिनियम असलेला. मिटला की ८४ मिलिमीटर, वजन ४६ ग्रॅम. एक पातं, एक नखांची कानस, डबा उघडायचं एक आणि बाटली उघडायचं एक. बाटलीवाल्याचं टोक चपट्या स्क्रूड्रायव्हरचं आहे आणि माझा निम्मा वापर त्याचाच. तिसरी घंटा झालेली असते आणि विंगेतल्या अंधारात कुठल्या तरी सॉकेटचा स्क्रू ढिला निघतो. तेव्हा टूलबॉक्स शोधायला कोण जातं?

हाच का, तर पातळ आहे, खिशाला फुगवटा येत नाही आणि उघडायला दोन हात लागतात. या शहरात तो शेवटचा मुद्दा मला पोलादाच्या जातीपेक्षा मोठा वाटतो. गर्दीत एका हाताने खटकन उघडणारं काही काढलं की आजूबाजूची चार माणसं मागे सरकतात. माझ्या कॅडेटकडे बघून लोक फार तर 'जरा इकडे द्या' म्हणतात.

तुमचा कोणता, आणि कशासाठी?

कर्जतलोकल
आला एकदाचा धागा! माझा व्हिक्टोरिनॉक्स क्लासिक, ५८ मिलिमीटरचा, किल्ल्यांच्या जुडग्यात.

खरं सांगू? पातं मी क्वचित उघडते. त्याचा सगळा जीव कात्रीत आहे. लेडीज डब्यात रोज कोणाला ना कोणाला ती लागतेच. कोणाच्या साडीच्या फॉलचा दोरा लोंबतोय, कोणाच्या नव्या कुर्त्याची चिठ्ठी मानेला टोचतेय, कोणाला गोळ्यांच्या पट्टीतल्या दोनच गोळ्या कापून पर्समध्ये टाकायच्यात. दादरला चढणाऱ्या एक ताई तर बसायला जागा मिळायच्या आधी 'कात्री दे गं' म्हणून हात पुढे करतात. कात्रीची स्प्रिंग कधीतरी मोडते, पण ती सुटी मिळते आणि घरी बसवता येते. चिमटाही जपून ठेवा. बोटात कूस गेली की त्याची किंमत कळते.

बाकी आमच्या डब्यात गवार मोडणं, मटार सोलणं, मेथी निवडणं सगळं हातानेच चालतं. हलत्या गाडीत पातं उघडू नये, हे तिथे कोणाला शिकवावं लागत नाही.

फुकटचंबू
मला एक कळत नाही. स्टेशनबाहेर दहा-वीस रुपयांत कटर मिळतो. धार गेली की पुढचा तुकडा मोडून टाकायचा. हरवला तर दुसरा. एवढे पैसे घालून स्विस चाकू कशाला? पुडक्याचा दोरा तर दातानेही तुटतो.

(काडी टाकून पळतोय.)

नेपथ्यवाला
कटरवाल्यांना कमी लेखू नका. टोक मोडत जायचं पातं ही १९५६ सालची जपानी कल्पना आहे, ओसाकाच्या योशिओ ओकादा यांची. छापखान्यात काम करताना ब्लेड सारखी बोथट व्हायची. त्यावरून त्यांना फुटलेल्या काचेची धार आणि चॉकलेटच्या वडीवरच्या खाचा आठवल्या. त्यातून पुढे ओल्फा कंपनी उभी राहिली. आपल्याकडचे दहा रुपयांचे कटर त्याच कल्पनेची नातवंडं.

मी दोन्ही बाळगतो. पुठ्ठा, फोम बोर्ड, सनबोर्ड असलं काहीही असलं की कटर. पुठ्ठा धारेचा शत्रू आहे. चांगल्या चाकूने पाच-सहा मोठी खोकी फाडलीत की टोमॅटोवर तो घसरायला लागतो. मात्र कटरचं पातं बाजूने वाकवलं तर तडकून उडतं, म्हणून त्याने लाकूड तासणं किंवा काही उचकटणं नाही. आणि फळं त्याने कापू नका हो. नव्या पात्याला तेल असतं आणि खाचांत काय काय साचतं ते कधी बघा.

फुकटचंबू
@नेपथ्यवाला, मी कालच त्याने पेरू कापला. असो.

रॉकवेल_५८
आता जरा पोलादाकडे वळूया का? व्हिक्टोरिनॉक्सचं पातं साधारण ५६ रॉकवेलला असतं, रॉकवेल म्हणजे कठीणपणाचं माप. मऊच म्हणायचं. माझ्याकडे सध्या तीन आहेत. एक डी२ चा लाइनर लॉकवाला (उघडलेलं पातं आतला पत्रा अडवून धरतो), एक १४सी२८एन चा आणि एक व्हीजी१०, ही सगळी पोलादांची नावं. सोमवार ते शुक्रवार १४सी२८एन. कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४ टक्के, वर थोडा नायट्रोजन. धारही टिकते आणि गंजही धरत नाही. पैशाच्या मानाने याच्या जवळपास फार कमी पोलादं येतात.

कर्जतलोकल
@रॉकवेल_५८, सोमवार ते शुक्रवार त्या चाकूने काय कापता?

रॉकवेल_५८
मुख्यतः कुरिअरची पाकिटं.

सह्यभटक्या
😂

माझं मत ओपिनेल नंबर ८. कार्बन स्टीलचा, बीच लाकडाची मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये बनवायला घेतला आणि आकार अजून जवळपास तोच आहे. १९५५ साली त्यात फिरती कडी आली. ती फिरवली की उघडलेलं पातं अडकतं. इतका पातळ कापणारा चाकू मी दुसरा वापरलेला नाही. सफरचंदाची फोड अंगठ्याखाली आपोआप सुटते.

पण मुंबईत जून लागला की याची खरी गंमत सुरू होते. लाकूड दमट हवा पितं आणि चाळीतल्या पावसाळी दरवाजासारखं फुगून बसतं. पातं खाचेत असं रुततं की नखाने निघता निघत नाही. मग मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं, पातं थोडं वर येतं, तेव्हा पकडायचं. फ्रेंच लोकही हेच करतात, त्याला साव्हॉयचा ठोका म्हणतात. कायमचा इलाज हवा असेल तर मे महिन्याच्या कोरड्या दिवसांत खाचेच्या आतल्या भिंती बारीक पॉलिश पेपरने जराशा घासून जवसाचं तेल मुरवा. दोनतीन वेळा, मध्ये पूर्ण वाळू देऊन. फुगणं थांबत नाही, पण अडकणं थांबतं.

कार्बन पात्याला गंज लागणारच. त्याच्यावर आपला देशी उपाय कैरी. नव्या पात्याने एकदा भरपूर कैऱ्या कापायच्या आणि पातं तसंच थोडा वेळ ठेवून द्यायचं. आंबट रसाने आधी निळसर, मग राखाडी-काळपट छटा चढते. प्रत्येक फोडीची रेघ पात्यावर उमटते. तो थर बसला की तांबडा गंज सहज धरत नाही. पहिल्या एकदोन कैऱ्यांच्या फोडींना मात्र लोखंडाची चव येते, त्या लोणच्यात घालू नका.

रॉकवेल_५८
@सह्यभटक्या, यात भर घालतो. पावसाळ्यात डी२ वाल्यांनीही जपावं. दुकानदार बिनधास्त स्टेनलेस म्हणून विकतात. स्टेनलेस म्हणवायला निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागतो आणि डी२ मध्ये तो कागदावर बारा टक्के असतोही. पण यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, त्यामुळे बराचसा क्रोमियम कार्बनशी जुळून कार्बाइडच्या कणांत अडकतो. गंज अडवायला मोकळा उरतो तो कमीच. माझा डी२ जुलैत घामट खिशात राहिला आणि धारेच्या अगदी कडेला तपकिरी ठिपके आले. मरीन लाइन्स, वरळी, वर्सोवा अशा समुद्राकाठच्यांनी तर विचारूच नका. खाऱ्या हवेतला क्लोराइड चांगल्या स्टेनलेसलाही बारीक खड्डे पाडतो.

लिंबूसरबत
रुमाल टाकून ठेवते. मी डावखुरी आहे, नंतर सविस्तर रडेन.

गिरगावकर_काका
तुमचं सगळं वाचतोय. ईडीसी म्हणे, 'एव्हरी डे कॅरी', रोज सोबत बाळगायची वस्तू! आमच्या वडिलांच्या खिशात चंची असायची. कप्प्याकप्प्यांची कापडी, दोरीने गुंडाळायची. त्यात पानं, कात, चुन्याची डबी आणि पितळी अडकित्ता. सुपारी तर कातरायचेच, पण सुतळी तोडायची म्हटली तरी तोच बाहेर यायचा. त्याआधीच्या पिढीतल्या कारकुनाच्या कलमदानात बोरू तासायचा चाकू असे. बोरूचं टोक दिवसातून किती वेळा झिजायचं, तो नसला तर लिहिणंच बंद. आणि कोकणात आमच्या गावी गडी माणूस घरातून निघायचा तो कमरेला आकडी बांधून, मागे त्यात कोयता अडकवलेला. काटक्या तोडायला, शहाळं सोलायला, वाटेवर आलेली फांदी उडवायला. त्याला कोणी हौस म्हणत नसे.

मी आता चौपाटीवर फिरायला जातो तेव्हा खिशात एक जुना दोन पात्यांचा चाकू असतो. बाकावर बसून पेरू कापतो आणि सोबतच्या मंडळींना फोड फोड देतो. दातांची अवस्था बघता चाकू नसता तर पेरू सुटलाच होता.

ध्वनिलहरी
काका, दंडवत! अडकित्त्याचा फोटो टाका ना.

गिरगावकर_काका
नातू आला की टाकतो.

नवाखिलाडी
मस्त धागा. एक प्रश्न. मी रात्रपाळी करून दोन वाजता घरी येतो. सेल्फ डिफेन्ससाठी कोणता चाकू चांगला? लॉकवाला घेऊ की रामपुरी टाइप?

रात्रपाळीची_डॉक्टर
@नवाखिलाडी, कोणताही नको. मी कॅज्युअल्टीत ड्यूट्या केल्या आहेत, म्हणून सांगते. या धाग्यावर ज्यांची चर्चा चालली आहे त्यातल्या बहुतेक चाकूंना लॉक नसतो. पातं फक्त मागच्या स्प्रिंगच्या ताणावर उभं असतं. टोकाने जोर दिला की ते मिटतं, आणि मिटतं ते तुमच्याच बोटांवर. बोटांच्या आतल्या बाजूला बोट वळवणाऱ्या शिरा, म्हणजे टेंडन, अगदी वर असतात. त्या तुटल्या की ऑपरेशन, मग आठवडेच्या आठवडे पट्टी, मग व्यायाम, आणि तरीही मूठ पहिल्यासारखी वळेल याची खात्री नाही. लॉकवाला असेल तर हात ओला होऊन पुढे सरकतो आणि तेच होतं. शिवाय समोरच्याला तुमच्या हातात पातं दिसलं की जे प्रकरण पाकिटावर मिटलं असतं ते मिटत नाही.

उजेडाच्या रस्त्याने या, फोन चार्ज ठेवा, पाकीट मागितलं तर देऊन टाका.

काळाकोट
डॉक्टरांना अनुमोदन. आणि कायद्याचं मी सांगतो, कारण यावर व्हॉट्सअॅपी ज्ञान फार फिरतं.

'नऊ इंचांखाली सगळं चालतं' हे अर्धसत्य आहे. आधार शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६. त्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात तलवारी, गुप्त्या, खंजीर वगैरेंबरोबर चाकूही आहेत, ज्यांचं पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद आहे असे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. तिथे कॅडेट, क्लासिक, ओपिनेल कुठेच बसत नाहीत.

पण मुंबईकरांनी दुसरा कायदा लक्षात ठेवायचा : महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. त्याखाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढू शकतात, आणि त्यात शस्त्रं, तलवारी, भाले, लाठ्यांबरोबर चाकू हा शब्द सरळ आहे. तिथे इंचाचं माप नाही. असा आदेश एका वेळी पंधरा दिवसांपर्यंतचा, त्यापुढे चालवायला राज्य सरकारची मंजुरी लागते. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या आगेमागे हे आदेश निघत राहतात. पेपरात आतल्या पानावर दोन ओळींत छापून येतात आणि कोणी वाचत नाही.

व्यवहारात काय? किल्ल्यांच्या जुडग्यातल्या क्लासिककडे कोणी ढुंकून बघत नाही. कामाचं हत्यार कामाच्या पिशवीत, कामाला जाताना, इतर अवजारांसोबत असेल तर तुम्हाला सांगायला सरळ गोष्ट असते. तोच चाकू रात्री उशिरा कमरेला लावलेला असेल तर नसते. आणि पोलिसाने विचारलं तर 'सेल्फ डिफेन्स' हे उत्तर चुकूनही देऊ नका. तुम्ही स्वतःच तुमच्या चाकूला शस्त्र म्हणून मोकळे होता.

नवाखिलाडी
समजलं. धन्यवाद डॉक्टर, धन्यवाद वकीलसाहेब. पेरू कापायला घेतो मग.

संपादक मंडळ
स्वसंरक्षणाचा विषय इथे थांबवावा. विक्रीचे दुवे टाकणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

विमानतळी
काळाकोट यांनी सांगितलंच, मी मेट्रोचं आणि विमानाचं सांगतो. विमानात केबिन बॅगेत कोणतंही पातं नाही. क्लासिकची एवढीशी सुरीसुद्धा नाही. चेक-इन सामानात टाका. किल्ल्यांत अडकवणारे सगळ्यात जास्त फसतात, कारण किल्ल्या चेक-इनला द्यायचं कोणाच्या मनात येत नाही आणि सुरक्षातपासणीच्या ट्रेमध्ये तो लाल तुकडा चमकतो. तिथे दोनच पर्याय उरतात, पेटीत टाका किंवा मागे जा. रोज प्रवास करणाऱ्यांनी जुडग्यातून झटकन सुटेल असा हुक वापरावा.

मेट्रोत बॅग एक्स-रे मधून जाते आणि धारदार वस्तूंना मनाई आहे. कधी जाऊ देतात, कधी अडवतात, ड्यूटीवर कोण आहे त्यावर. घाटकोपर-वर्सोवा रोज करत असाल तर घरीच ठेवा. माझा आता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहतो. लोकलला तसली तपासणी नाही, पण गर्दीत खिशातून काढू नये हे वर आलंच आहे.

लिंबूसरबत
आले रडायला. डावखुऱ्यांचा कोणी विचारच केलेला नाही. व्हिक्टोरिनॉक्सच्या मोठ्या पात्यावर नख अडकवायची खाच एकाच बाजूला असते, उजव्या अंगठ्याला सोयीची. मी चाकू उलटा धरून बोटाच्या पेराने उघडते. बघणाऱ्याला वाटतं ही आता बोट कापणार. लाइनर लॉक तर त्याहून वाईट. तो पत्रा उजव्या अंगठ्याने ढकलायला बनवलेला. डाव्या हाताने बंद करायचा तर तर्जनी आत घालावी लागते, नेमकी पात्याच्या वाटेत.

ओपिनेलची कडी मात्र दोन्ही हातांना सारखी. सह्यभटक्या, तुमच्यामुळे घ्यायचं ठरवते आहे. स्टेनलेस पातं मिळतं ना त्यात?

सह्यभटक्या
मिळतं. नोकरदार माणसाने तेच घ्यावं. कैऱ्या कापत बसायचा उद्योग माझ्यासारख्यांना ठेवा. मूठ दोन्हींची लाकडीच, म्हणजे जूनमध्ये ठोकाठोकी आहेच. आणि डावखुऱ्यांसाठी मागची खाच असलेला बॅक लॉकही चांगला, तो पाठीवरून दाबायचा असतो.

नेपथ्यवाला
अवांतर : तो लाइनर लॉक दिवसभर खटक-खटक उघडत-मिटत बसणारे एक सद्गृहस्थ आमच्या ऑफिसात आहेत. आमची आजी रिकामी कात्री वाजवली तरी ओरडायची, घरात भांडणं लागतात म्हणून. ऑफिसात लागली आहेत.

इतिहासाचा_किडा
ध्वनिलहरी यांच्या स्क्रूड्रायव्हरवरून आठवलं. स्विस सैन्याला असा चाकू हवा झाला त्याचं एक मोठं कारण स्क्रूड्रायव्हरच. १८८९ सालची नवी रायफल खोलायला तो लागायचा. सैनिकाला डबाही उघडायचा होता आणि भाकरीही कापायची होती, म्हणून सगळं एकात. पण तेव्हा एवढे चाकू बनवेल असा कारखाना स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. पहिली खेप जर्मनीत झोलिंगेनला बनली. इबाख गावात १८८४ पासून दुकान थाटलेल्या कार्ल एल्सनर यांनी १८९१ पासून आपले चाकू सैन्याला द्यायला सुरुवात केली. त्यात पार कर्जबाजारी झाले. मग १८९७ मध्ये त्यांनी बूच काढायच्या स्क्रूसकट ऑफिसरचा हलका चाकू काढला. आज आपण ज्याला स्विस चाकू म्हणतो तो त्याच घराण्यातला. सैन्याने तो अधिकृत म्हणून कधी घेतलाच नाही, अधिकारी दुकानातून स्वतः विकत घ्यायचे.

दुसरी कंपनी वेंगर. शंभराहून जास्त वर्षं दोघी सैन्याला माल पुरवत होत्या. २००५ साली व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली.

लोहारचाळ
आणि मुंबईत घ्यायचा कुठे? हे कोणीच लिहिलं नाही. कुलाब्याच्या फुटपाथवर आणि स्टेशनांबाहेर लाल मुठीचे, पांढऱ्या क्रॉसचे मिळतात ते बहुतेक नकली. ओळखायचं असं. पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव कोरलेलं असतं, नकलीत ते पुसट नाही तर गायब. मग पातं हळूहळू उघडा : खऱ्यात शेवटी टक् असा करकरीत आवाज होऊन ते बसतं आणि डावी-उजवीकडे हलत नाही. मिटलेला चाकू उजेडासमोर धरा. थरांमधून उजेडाची चीर दिसली तर परत द्या. कात्री असेल तर प्लास्टिकची पिशवी कापून बघा. नकली कात्री पिशवी चावते, कापत नाही.

चोरबाजारात जुने झोलिंगेनचे, शेफिल्डचे चाकू अजूनही कधीकधी निघतात. शुक्रवारी पहाटे फुटपाथवर जो बाजार भरतो त्यात टॉर्च घेऊन जा. पात्याची रुंदी बुडापासून टोकापर्यंत नीट उतरत गेली आहे का ते आधी बघा. ग्राइंडरवर घासून घासून अर्धं झालेलं पातं पॉलिश करून विकतात.

टूलरूम_निवृत्त
इतका वेळ वाचत होतो, धारेवर कोणी बोलेना म्हणून लॉगिन केलं. उभी हयात टूलरूममध्ये गेली. पोलाद कुठलं यावर तुम्ही भांडता, आणि निम्म्या लोकांचे चाकू बोथट असतील यावर मी पैज लावतो.

पहिलं, सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला विळी द्या, कोयता द्या, खिशातला चाकू देऊ नका. माणूस वाईट नसतो, पण चाक कोरडं असतं. पात्याची कड पातळ, ती क्षणात तापते. ठिणग्या उडताना बघा आणि मग टोकाजवळ बघा, निळसर झाक आली असेल तर तिथलं पाणी उतरलं. तेवढा भाग मऊ पडला, तिथे धार टिकणार नाही. आमच्या सोसायटीत एकाचा चाकू असाच आला होता, धार चरचरीत, आणि चार दिवसांत टोक बोथट. तो निळा भाग घासून काढेपर्यंत तसाच राहतो.

घरी करा. कार्बोरंडमचा दुहेरी दगड घ्या, एक बाजू जाड, एक बारीक. दगडाखाली ओलं फडकं, म्हणजे सरकत नाही. कोन पंधरा ते वीस अंश. तो डोळ्याने कळत नाही, म्हणून पातं दगडावर आडवं ठेवा आणि पाठ एक रुपयाच्या दोन नाण्यांएवढी उचला. कॅडेटएवढ्या पात्याला कोन बरोबर बसतो. नाणी तिथे ठेवून घासायचं नाही, उंचीचा अंदाज घेऊन काढून टाकायची. धारेच्या कडेला काळा मार्कर फिरवा आणि दोनचार हात मारा. रंग अगदी कडेवरून निघाला तर कोन बरोबर, मागूनच निघाला तर पाठ जरा उचला, फक्त टोकाची रेघ निघाली तर खाली घ्या.

एका बाजूने घासत राहा, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला अख्ख्या लांबीत तारेसारखी खरखर येत नाही. अंगठा पाठीकडून धारेकडे नेऊन बघायची, धारेच्या लांबीवरून कधीही नाही. ही खरखर आली नाही तर तुम्ही अजून धारेपर्यंत पोचलाच नाहीत, आणि लोक नेमके इथेच कंटाळून बारीक बाजूला जातात. मग दुसरी बाजू तशीच. नंतर बारीक दगडावर हलक्या हाताने, दर खेपेला बाजू बदलत. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर, आतल्या बाजूने, धार मागे ठेवून ओढा. पुढे ढकललीत तर पट्टा कापेल. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून वरून कापा. कुठे अडला, तिथे खरखर राहिली आहे.

दगड नसेल आणि पाहुणे आले असतील तर चिनी मातीचा कप उलटा करा. बुडाची गोल कड बिनचकाकीची असते. तिच्यावर दोन्ही बाजूंनी पाच-सहा हात मारले की टोमॅटोपुरतं काम होतं.

कर्जतलोकल
काका, हे वाचून मी आत्ता कपावर करून बघितलं. टोमॅटोची साल न दबता कापली गेली!! वाचनखूण साठवली.

फुकटचंबू
@टूलरूम_निवृत्त, कटरला हे काही करावं लागत नाही. (पण वाचनखूण मीही साठवली.)

ध्वनिलहरी
तेलाचं पण सांगा कोणीतरी. आमच्याकडे सगळ्याला खोबरेल.

टूलरूम_निवृत्त
खोबरेल नको. काही दिवसांनी चिकट होतं, त्यात खिशातला सगळा कचरा धरतो, आणि थंडीत गोठतं ते वेगळंच. बिजागरीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, पात्याला फडक्याने पुसटसा हात. फळं कापत असाल तर केमिस्टकडून लिक्विड पॅराफिन आणा. पोट साफ व्हायला देतात तेच. त्याला वास नाही, चव नाही. आधी चाकू गरम साबणाच्या पाण्यात उघडमीट करून धुवायचा, नीट वाळवायचा, मगच तेल. आणि पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटात घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं, दिवाळीत काढाल तेव्हा पात्यावर पाकिटाचा नकाशा उमटलेला असेल.

सह्यभटक्या
खंडेनवमीला आमच्याकडे पक्कड, हातोडा, ड्रिल मशीन आणि माझा ओपिनेल असे पाटावर बसतात. आई त्याला हळदकुंकू लावते आणि मी संध्याकाळी गुपचूप धुवून टाकतो. कार्बन स्टील आणि ओलं कुंकू!

लिंबूसरबत
माझा स्टेनलेस असणार, माझ्या आईला खुशाल लावू दे.

@टूलरूम_निवृत्त, तो दुहेरी दगड नेमका कुठे मिळेल? ऑनलाइन दोनशेपासून दोन हजारांपर्यंत काहीही दिसतंय.

टूलरूम_निवृत्त
नागदेवी स्ट्रीट. मशीद बंदरला उतरा, चालत जवळ आहे. हत्यारांच्या कुठल्याही जुन्या दुकानात 'कार्बोरंडमचा कॉम्बिनेशन स्टोन, आठ इंची' म्हणा. सहा इंची देऊ पाहतील, घेऊ नका, हात आखूड पडतो. घेताना दगडावर स्टीलची पट्टी उभी धरून बघा, मध्ये खोलगट नको. कड उडालेला असेल तर दुसरा मागा.

ध्वनिलहरी
मी येत्या शनिवारी त्या बाजूला आहे, केबलचे जॅक घ्यायचेत. ज्यांना दगड हवा असेल त्यांनी इथे नाव द्या, एकदमच घेऊ.

लिंबूसरबत
माझं नाव घ्या. रविवारी नाही का जमणार?

लोहारचाळ
रविवारी तिकडे शटर खाली. शनिवारीच जा, आणि सहाच्या आत पोचा.

फुकटचंबू
माझंही एक नाव घाला.